तेजश्रीला घ्यावं की नाही

रविवार, ५ एप्रिल २०२०

आज घड्याळं एक तास मागे आली. तेजूच्या आणि आमच्या वेळेत आता पंधरा तासांचं अंतर. ती रात्री जेवायला बसते तेव्हा इथे सिडनीतल्या टूनगॅबीत दुसऱ्या दिवशीची सकाळ असते.

तेजूने ट्रान्सफरसाठी नाव दिल्याचं आज कळलं. तिच्याकडून नाही. तिच्या नावाचा अलर्ट मी फोनवर लावून ठेवलाय, तो वाजला. अमेरिकेतल्या हॅलोवे युनिव्हर्सिटीच्या चाहत्यांचा एक फोरम आहे. तिथे कुणीतरी विचारलं होतं : आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजची ऑस्ट्रेलियन मुलगी टीम बदलतेय म्हणे, आपण तिला घ्यावं की नाही? खाली एकेचाळीस उत्तरं.

चित्रलेखा पोळ्या लाटत होती. तिला लेकीचं सांगितलं तर म्हणाली, "हो, गुरुवारी बोलली ती मला."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगायचंच होतं."

कोण, ते विचारायचं राहिलं.

तेजूला फोन लावला. दोन वर्षं ती तिथे बास्केटबॉलच्या स्कॉलरशिपवर शिकतेय. मार्चमध्ये कोविडमुळे सीझन मधेच बंद झाला, कॉलेज बंद झालं, मुली आपापल्या घरी गेल्या. हॉस्टेलमध्ये आता अकराजणी उरल्यात, सगळ्या बाहेरदेशच्या. म्हणाली, "बाबा, नुसतं नाव टाकलंय. इट डझन्ट मीन एनीथिंग." आवाज झोपेतून उठल्यासारखा होता, पण तिकडे संध्याकाळचे आठच वाजले होते.

हॅलोवे तिच्या आत्ताच्या कॉलेजपेक्षा दोन पायऱ्या वर आहे. मला विचारलं असतं तर मीही हेच सुचवलं असतं.

सोमवार, ६ एप्रिल

रेल्वेचं टाइमटेबल घरून बनवायचा तिसरा आठवडा. गाड्या जवळजवळ रिकाम्या धावतायत, पण सगळ्या धावतायत, त्यामुळे माझ्या कामात फरक नाही.

दुपारी जेवताना फोरमचा धागा पूर्ण वाचला. मॅचेस बंद असल्याने या लोकांना दुसरा उद्योग नाही, पण अभ्यास चांगला आहे. 'सेक्शन-नऊ' नावाचा एकजण विरोधात आहे. त्याचं म्हणणं : उंची पाच अकरा, थ्री-पॉइंटर अडतीस टक्के, हे ठीक, पण डिफेन्समध्ये पाय जड. शिवाय टीम बदलणाऱ्या मुलीला नियमाने एक वर्ष बाहेर बसावं लागतं, मग जागा कशाला अडवायची? दुसरा म्हणतो, ऑस्ट्रेलियन पोरींना पास द्यायला शिकवलेलं असतं, घ्या डोळे मिटून. तिसऱ्याला वाघमारे हे आडनाव उच्चारता येत नाही, एवढीच त्याची तक्रार.

'ओल्ड-जिम-डॅन' वयस्क वाटतो. त्याने लिहिलंय : "शॉट मारल्यावर ती तो पडतो का बघत उभी राहत नाही. लगेच परत धावते. मला असे खेळाडू आवडतात." ही गोष्ट मी तेजूला ती दहा वर्षांची असताना शिकवली.

मीही नाव नोंदवलं. 'वेस्टर्न-लाइन', आमच्या ट्रेनच्या लाइनवरून. लिहिलं की सिडनीत ज्युनियर असल्यापासून या मुलीचा खेळ पाहत आलोय. यात खोटं काही नाही.

गुरुवार, ९ एप्रिल

तेजूच्या या सीझनच्या सगळ्या मॅचेसचा तक्ता करून फोरमवर टाकला. डिफेन्सबद्दलचा आक्षेप आकड्यांत टिकत नाही. सतरा जणांनी आभार मानले. सेक्शन-नऊने विचारलं, जानेवारीच्या शेवटी सलग सहा मॅचेस ती का नव्हती? गुडघा आहे का? मी लिहिलं : गुडघा नाही, फ्लू होता, खात्रीची माहिती आहे.

संध्याकाळी हॅरिस पार्कला जाऊन आलो. दुकानाबाहेर रांग, तूरडाळ माणशी दोन पाकिटं. परत आलो तेव्हा चित्रलेखा बेडरूमचं दार लावून तेजूशी बोलत होती. एक तास दहा मिनिटं. मी पाणी द्यायला आत गेलो तर "जेवलीस का, काय जेवलीस" चाललं होतं. एवढा वेळ जेवणावर कसं बोलता येतं, त्यांनाच माहीत.

मंगळवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंती या वर्षी झूमवर. त्रेसष्ट घरं. वंदना झाली तेव्हा सगळ्यांचे माइक चालू राहिले, त्यामुळे कुणाचाच आवाज कुणाशी जुळेना. पण दिसले सगळे. शेवटी नीलिमाताईंनी विचारलं, "दत्तप्रसाद, तेजश्री कशी आहे? तिकडे फार वाईट चाललंय म्हणतात."

मी म्हटलं, उत्तम आहे, मोठ्या टीममध्ये जायचं चाललंय. टाळ्या वाजल्या. शेजारी बसलेल्या चित्रलेखाने आमचा कॅमेरा बंद केला. म्हणाली, चुकून बटण दाबलं गेलं.

शुक्रवार, १७ एप्रिल

हॅलोवेच्या असिस्टंट कोचने तेजूशी झूमवर बातचीत केली. मी तिला अकरा प्रश्न लिहून पाठवले होते. नंतर विचारलं, किती विचारलेस?

"कोच वॉज नाइस, बाबा."

"पण प्रश्न?"

"तिनेच विचारले. व्हॉट डू यू वॉन्ट, वगैरे."

"मग काय सांगितलंस?"

मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "आय सेड आय विल थिंक."

हे चांगलं उत्तर आहे. लगेच हो म्हटलं की किंमत राहत नाही.

फोरमवर आज मतदान सुरू झालं. घ्यावं : ३१. घेऊ नये : २८.

सोमवार, २० एप्रिल

आज धागा बिघडला. सेक्शन-नऊची भाची तेजूच्या कॉलेजात शिकते. तिच्या हवाल्याने त्याने लिहिलं की जानेवारीत त्या मुलीला फ्लू वगैरे नव्हता. ती खोलीतून बाहेरच येत नव्हती. प्रॅक्टिसला नाही, क्लासला नाही, मेसला नाही. वर त्याचा निष्कर्ष : खेळ आहे, पण आतून मऊ आहे. आपल्याकडे दडपण जास्त, इथे टिकायची नाही.

तासाभरात घेऊ नयेची मतं पुढे गेली. एकट्या डॅनने लिहिलं : "वीस वर्षांच्या मुलीबद्दल बोलतोय आपण. तिला यायचंय का, हे कुणाला माहीत आहे का?" त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मी त्याला उत्तर दिलं की शेवटच्या दहा मॅचेसमधले तिचे फ्री थ्रो पाहा, एक्याऐंशी टक्के. मऊ माणसाचे असे आकडे नसतात.

चित्रलेखाला हे काही सांगितलं नाही. ती वृद्धांच्या एज्ड केअर होममध्ये नर्स आहे, पहाटे जाते, आल्यावर युनिफॉर्म गराजमध्येच उतरवून तिथल्याच शॉवरखाली आंघोळ करून मग घरात येते. दमलेली असते.

मंगळवार, २१ एप्रिल

सकाळभर विचार केला आणि लिहिलं. काय लिहिलं ते इथे नोंदवतो.

ऑगस्ट २०१५. अंडर-सिक्स्टीनची फायनल, ऑबर्नच्या बास्केटबॉल सेंटरला, सकाळी अकराची. त्या दिवशी पहाटे नांदेडहून केतनचा, माझ्या भावाचा फोन आला की आई गेली. आईचा, म्हणजे सोजरबाईंचा, तेजूवर फार जीव होता. रोज फोनवर "आज कितीदा टोपलीत टाकलास" विचारायच्या. मी त्याच दिवशी निघालो असतो तरी पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. तेजूला सांगितलं असतं तर ती खेळली नसती. म्हणून मॅच संपेपर्यंत सांगितलं नाही. तिने बावीस पॉइंट्स केले आणि आम्ही जिंकलो.

फोरमवर एवढंच टाकलं : ज्या सकाळी आजी गेली त्या सकाळी ही मुलगी फायनल खेळली आणि बावीस पॉइंट्स केले, आता सांगा कोण मऊ आहे. तिला तेव्हा माहीत नव्हतं, हा भाग गाळला. वाक्य लांब होत होतं.

बुधवार, २२ एप्रिल

घ्यावं : ८८. घेऊ नये : ३४. सेक्शन-नऊने स्वतः मत बदललं.

हॅलोवेच्या गावातल्या वर्तमानपत्राच्या एका बातमीदाराचा निरोप आला. त्याला आजीच्या प्रसंगावर लिहायचंय, तपशील मिळतील का म्हणतो. उद्या सविस्तर लिहून देईन. कोचच्या वाचनात येईल.

डॅनने खाजगी निरोप पाठवला. मराठीत उतरवून ठेवतो. "त्या मुलीची आजी गेली म्हणजे कुणाची तरी आई गेली. मला वाटतं, ती तुमची असावी. माझीही मुलगी याच जिममध्ये खेळायची, बाप कसं लिहितो ते मी ओळखतो. उशीर झालाय, पण तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं."

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. थँक यू एवढंच लिहिलं. त्यानंतर कामात रिचमंडच्या एका गाडीच्या वेळा दोनदा चुकीच्या भरल्या. असं सहसा होत नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल

सकाळी दहाला तेजूचा फोन. मला, चित्रलेखाला नाही.

"बाबा, वेस्टर्न-लाइन तू आहेस." विचारलं नाही, सांगितलं.

"हो. कुणी दाखवलं?"

"टीममेटने स्क्रीनशॉट पाठवला. किती दिवस चाललंय?"

"सहा तारखेपासून."

मी सांगितलं की मतदान तुझ्या बाजूने कसं फिरलं, आणि एक बातमीदार आजीबद्दल विचारतोय, त्याला अजून लिहून दिलेलं नाही. एक चूक माझ्याकडून झाली, तुला आजीचं तेव्हा माहीत नव्हतं हे लिहायला हवं होतं. ते दुरुस्त करतो.

"मला माहीत होतं."

"काय?"

"आईने सांगितलं होतं. सकाळी, बाथरूममध्ये. म्हणाली, नको खेळूस, मी बाबांना सांगते. पण तू गाडी काढून बसला होतास. हॉर्न दिलास, दोनदा." मग म्हणाली, "मला वाटलं, तुझी आई गेलीय आणि तुला मॅचच हवीय. तर तेवढी तरी देऊ."

"तू बावीस केलेस," मी म्हटलं.

"आय डोन्ट रिमेंबर, बाबा. एकही आठवत नाही मला."

ती रडत नव्हती. अगदी साधं बोलत होती, एखादा पत्ता सांगावा तसं. शेवटी म्हणाली, त्या रिपोर्टरला काही देऊ नको, प्लीज. मी बरं म्हटलं. चौदा मिनिटं.

त्या दिवशी ऑबर्नला जाताना गाडीत ती मागे बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. मी तिला पूर्ण रस्ताभर समोरच्या टीमचा बचाव समजावत होतो. मला वाटलं होतं, ती लक्ष देऊन ऐकतेय.

शनिवार, २५ एप्रिल

अ‍ॅन्झॅक डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. पहाटे सहा वाजता सगळी गल्ली आपापल्या ड्राइव्हवेवर मेणबत्त्या घेऊन उभी होती. समोरच्या म्हाताऱ्या आजींनी रेडिओवर बिगुल मोठा केला. आम्हीही उभे राहिलो. शेजारी आत गेले, आम्ही दोघं तिथेच.

मी विचारलं, "जानेवारीत फ्लू नव्हता ना?"

"नाही."

"मग काय होतं?"

"ते तिला विचार, दत्ता. मी सांगितलं तर ती मला पुढचं सांगणार नाही."

"तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगणार होते. दोनदा सुरुवात केली. एकदा तू तिचा रिबाउंडचा आकडा काढून दाखवलास. दुसऱ्यांदा म्हणालास, फ्लूमध्ये स्टॅमिना जातो." तिने मेणबत्ती विझवली. "तिचं तिकीट काढलंय. आठवड्यात दोनच फ्लाइट्स आहेत, नऊ मेला पोचणारी मिळाली. ट्रान्सफरसाठी नाव दिलं ते त्या टीममधून बाहेर पडता यावं म्हणून. कुठे जाण्यासाठी नाही."

"आता इकडे आली तर परत जाता यायचं नाही. देशाबाहेर पडायला सरकारची परवानगी लागते."

"हो. तिला माहीत आहे."

मी टेबलाशी बसलो आणि हॅलोवेला नाही म्हटल्यास काय काय जातं याची यादी करायला घेतली. तीन ओळींनंतर थांबलो. माझ्या याद्या तेजूने या महिन्यात पुरेशा पाहिल्यात.

शनिवार, २ मे

हॅलोवेने तेजूला रीतसर विचारलं आणि तेजूने नाही म्हणून कळवलं. चित्रलेखाने सांगितलं. फोरमवर बातमी जायला दोन तास लागले. काहींनी शिव्या दिल्या, सेक्शन-नऊने लिहिलं की मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. लगेच ओहायोच्या एका सहा फूट तीन इंच मुलीचा नवा धागा सुरू झाला.

बातमीदाराला नकार कळवून टाकला. आजीचा मजकूर काढून टाकायची विनंती केली, पण तो तोवर चार ठिकाणी उचलला गेला होता. मॉडरेटरने आपल्या ताब्यातला तेवढा काढला. बाकीचा राहणार.

डॅनला लिहिलं की ती घरी येतेय. त्याचं उत्तर : "छान. आमच्या टीमचं नुकसान." मग विचारलंय, ती कशी आहे. मी लिहिलं, मला माहीत नाही. हे लिहायला जेवढा वेळ लागला तेवढा त्या तक्त्यालाही लागला नव्हता.

खातं बंद केलं.

शनिवार, ९ मे

विमान सकाळी साडेसहाला उतरलं. विमानतळावर घ्यायला जायची परवानगी नाही. पोलीस सगळ्यांना बसमध्ये बसवून शहरातल्या हॉटेलात नेतात, तिथे चौदा दिवस. बस कुठल्या हॉटेलला जाणार, हे बसमध्ये बसेपर्यंत त्यांनाही सांगत नाहीत. साडेनऊला तिचा मेसेज आला, हॉटेलचं नाव आणि "विंडो डझन्ट ओपन". चित्रलेखा डबा घेऊन गेली. खाली रिसेप्शनवर ठेवून घेतात. मी गाडीत बसून होतो. हॉर्न वाजवला नाही.

शनिवार, १६ मे

रोज संध्याकाळी पाचला तेजूशी बोलतो. पहिल्या दिवशी काय बोलावं सुचेना, म्हणून गप्प राहिलो. तीही गप्प. अकरा मिनिटं. मग ती म्हणाली, "बाबा, आहेस ना?" म्हटलं, आहे. "ओके," म्हणाली, आणि टीव्ही लावला. तिचा टीव्ही मी फोनवरून ऐकत बसलो. स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. तेव्हापासून तसंच चाललंय. काल तिने विचारलं, आजी कशाने गेली होती? पाच वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. मीही आपणहून सांगितलं नव्हतं. हार्ट, म्हटलं. झोपेत. मग सांगितलं की मी त्या दिवशी घरी आल्यावर गाडी धुतली होती. तिला आठवत होतं. म्हणाली, "दोनदा धुतलीस."

रविवार, २४ मे

काल दुपारी तेजू घरी आली. फोटोत दिसते त्याहून बारीक. दाराशी मी हात पुढे केला, का ते माहीत नाही, बहुधा कोचसारखा. तिने तो हातात घेतला आणि तसाच धरून चपला काढल्या. रात्री आठला झोपली ती आज दुपारी एकला उठली. मी दोनदा दाराशी गेलो. चित्रलेखाने मागे बोलावलं.

गुरुवार, २८ मे

आज अर्धा दिवस सुट्टी टाकली. शेजारच्या यतिनने हॅरिस पार्कहून मेथीच्या चार जुड्या आणून दिल्या होत्या. तेजू स्वयंपाकघरात बसून निवडत होती. मीही बसलो. एक जुडी संपली.

मग मी विचारलं, "जानेवारीत काय झालं?"

तिने वर पाहिलं. "तुला ऐकायचंय? की त्याचं काही करायचंय?"

"ऐकायचंय."

ती बोलायला लागली. आधी इंग्रजीत, मग मधूनमधून मराठीत. दोन तासांच्या वर बोलली. मधे तीनदा माझ्या तोंडाशी काहीतरी आलं. एकदा एका कोचचं नाव ऐकून, एकदा तारीख जुळेना म्हणून, एकदा असंच. तीनही वेळा मी मेथीची काडी उचलली.

तिने जे सांगितलं ते इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

तीन वाजता चित्रलेखाची गाडी आली. गराजमध्ये पाणी वाहत असल्याचा आवाज आला, मग ओल्या केसांनी ती आत आली. आम्हा दोघांना टेबलाशी बघून ती दारातच जरा थांबली. खुर्ची ओढून बसली, आणि शेवटची जुडी सोडून आपल्यापुढे घेतली.